लिहून कोण घेतंय? आमच्या छोट्या म्युझियमच्या स्वयंसेवक मंडळाला खुलं पत्र

प्रिय स्वयंसेवक मंडळी,

नमस्कार. हे खरं तर तुमच्या ऑफिसात आणून द्यायचं पत्र होतं, पण मागच्या वेळी दिलेलं पत्र आवक रजिस्टरमध्ये चढलं आणि तिथंच राहिलं, म्हणून यावेळी चारचौघांत लिहितेय. म्युझियमचं नाव मुद्दाम टाकत नाही. दोन खोल्या, एक व्हरांडा आणि गुडघ्यांची परीक्षा बघणारा लाकडी जिना एवढं सांगितलं की मुंबईच्या गिरणगावातल्या माणसाला कळेल, आणि बाकीच्यांना कळून करायचंय काय, मला कोणाची बदनामी करायची नाहीये.

उलट मी तुमची वर्गणीदार आहे, चार वर्षं झाली. तुमच्यापैकी कोणाला एक रुपया मिळत नाही हे मला माहितेय. खुर्च्या तुम्हीच लावता, माइक चालला नाही तर घसा फोडून तुम्हीच बोलता, आणि तुमच्यातल्या एका ताईंना मी भर जुलैत काचेच्या कपाटावर थेंब गळतायत म्हणून स्वतःची छत्री उघडून ठेवताना बघितलंय, नंतर त्या भिजत स्टेशनला गेल्या. अशा माणसांवर ओरडायची माझी लायकी नाही. पण एक गोष्ट जानेवारीपासून डोक्यात बसलीय ती काढून टाकायची आहे.

'वस्तू ओळखा' हा तुमचा कार्यक्रम होता, शनिवारी सकाळी अकराला. मी बाबांना घेऊन आले होते. बाबा पंचाहत्तरीचे, गिरणीत साचेखात्यात होते, म्हणजे विणकर, दोन साचे (यंत्रमाग) सांभाळायचे. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला तेव्हा ते एकतीस वर्षांचे होते, त्यानंतर त्यांनी वॉचमनकी केली, भाजी विकली, एका कुरियरवाल्याकडे पाकिटं वाटली, पण कोणी 'काय करायचात' विचारलं की अजून उत्तर एकच, विणकर. तर जिना चढायला त्यांना दहा मिनिटं लागली, मधे दोनदा थांबले, वर आले तर कार्यक्रम सुरू झालेला. टेबलावर मखमल, मखमलीवर वस्तू, आणि पांढरे हातमोजे घातलेला एक दादा एकेक वस्तू उचलून दाखवतोय. चांगला मुलगा आहे तो, त्याच्यावर राग नाही.

त्याने धोटा उचलला, म्हणजे साच्यात आडवा धागा इकडून तिकडे नेणारं लाकडी साधन. लेबलवर वर इंग्रजी, खाली मराठीत 'यंत्रमागाचे शटल, लाकूड व धातू, २० वे शतक'. अहो धोटा म्हणा ना! ज्या गल्लीत घराघरात हा शब्द माहीत आहे त्या गल्लीच्या तोंडाशी बसून 'यंत्रमागाचे शटल' कशाला? असो, तो मुद्दा नाही. तर दादाने विचारलं हे काय, कोणी म्हणालं होडी, कोणी म्हणालं पेनाची पेटी, सगळे हसले. बाबा उठले, काही न बोलता पुढे गेले आणि त्याच्या हातातून धोटा घेतला. दादा 'काका, काका, ग्लोव्ह्ज' म्हणतोय तोपर्यंत बाबांनी खिशातून दोरा काढला (बटण तुटलं तर असावा म्हणून ते कायम थोडा दोरा ठेवतात), त्याचं टोक आतल्या बाजूने धोट्याच्या भोकाशी धरलं, बाहेरून भोकाला तोंड लावलं आणि श्वास आत ओढला. सुर्र असा आवाज आला आणि दोरा त्यांच्या ओठात.

खोलीत एकदम गोंधळ, 'अरे तोंडाला नका लावू', 'जुनी वस्तू आहे, इन्फेक्शन होईल'. बाबा थोडे ओशाळले, धोटा शर्टाला पुसून खाली ठेवला आणि म्हणाले, तोंड लावल्याशिवाय धागा येतोच कुठे, आयुष्यभर हेच केलं.

मग त्यांनी सांगितलं, आणि हे सांगताना ते अगदी हळू बोलत होते, साच्यांच्या आवाजाने अर्धे कान गेलेला माणूस एरवी हळू बोलत नाही. धोट्यात कांडी असते, कांडीवर आडवा धागा गुंडाळलेला. ती काही मिनिटांत संपते. संपली की साचा थांबवायचा, धोटा काढायचा, नवी कांडी बसवायची आणि धागा असा तोंडाने ओढून भोकातून बाहेर घ्यायचा, पाळीत किती वेळा ते त्यांनी कधी मोजलं नाही. धाग्याबरोबर कापसाची बारीक तूसही आत जायची, छातीत. खोकला तिथला. आणि मग म्हणाले, आमच्या आधीच्या पिढीत साचेखात्यात अस्पृश्यांना घेत नव्हते, ते याच्यामुळे. एकाने तोंड लावलेल्या धोट्याला दुसऱ्याने तोंड कसं लावायचं, विटाळ. त्यांना कमी पगाराच्या खात्यात टाकायचे, साच्यावर पगार जास्त होता. माझे आजोबाही गिरणीतच होते, त्यांनी हे सगळं बघितलेलं, आणि बाबा म्हणाले की आजोबा ते सांगताना खाली बघायचे, कारण आजोबाही साचेखात्यात होते आणि तेही काही बोलले नव्हते.

ही काही घरगुती दंतकथा नाही. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हाच प्रश्न उभा केला होता, की विणकाम खात्यात अस्पृश्य कामगारांना का घेत नाही. कामगार चळवळीचा इतिहास ज्याने थोडाफार वाचलाय त्याला माहीत असेल. पण पुस्तकात ती एक ओळ असते आणि इथे त्या ओळीचा आवाज ऐकू आला, सुर्र. मी वर्गात बसून, भाषणं ऐकून जे शिकले नव्हते ते मला माझ्याच बापाने तुमच्या टेबलापाशी दाखवलं, आणि घरात चाळीस वर्षं दाखवलं नव्हतं, कारण घरात धोटा नव्हता. तुमच्याकडे होता. म्हणून मी तुमचे आभार मानते, मनापासून मानते.

आता पुढचं. बाबा बोलायचे थांबले, दोन सेकंद कोणीच बोललं नाही, आणि मग तुमच्यातलं कोणीतरी म्हणालं, 'खूपच छान आठवण सांगितलीत काका, वेळेअभावी आपण पुढच्या वस्तूकडे वळूया.' पुढची वस्तू अडकित्ता होती.

कोणी लिहून घेतलं नाही. फोटो मात्र निघाले, बाबांचा धोटा हातात धरलेला फोटो ग्रुपवर आला, खाली हात जोडलेले आणि फुलांचे इमोजी. फेब्रुवारीत मी आले, लेबल तेच. मे महिन्यात आले, लेबल तेच. मी पत्र दिलं, दीड पानी, सगळं लिहून, ते वर सांगितलंच काय झालं. एका मेंबरनी नंतर भेटल्यावर सांगितलं की लेबल बदलायला क्युरेटर लागतो, आणि क्युरेटर तर तुमच्याकडे नाहीच, मग ही लेबलं आधी लिहिली कोणी हो? आकाशातून पडली?

मी तेव्हापासून जरा लक्ष ठेवून बसायला लागले, आणि दिसलं की हे फक्त बाबांच्या बाबतीत नाही. खानावळींवरच्या कार्यक्रमात बाहेरून वक्ते बोलावले होते, स्लाइड्स छान होत्या, एकट्या राहणाऱ्या गिरणी कामगारांना बायका कशा जेवू घालायच्या, १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढून या बायकांना सावकाराच्या पाशातून सोडवायला बँकेचं कर्ज कसं मिळवून दिलं, सगळं बरोबर आणि मुद्देसूद. पण तिसऱ्या रांगेत आमच्या चाळीतल्या एक काकू बसल्या होत्या ज्यांनी स्वतः वीसेक वर्षं खानावळ चालवली. त्यांना मध्येच बोलायचं होतं, हात अर्धा वर, मग खाली, मग परत अर्धा वर. शेवटी प्रश्नोत्तरांना पाच मिनिटं उरली ती एका गृहस्थांनी स्वतःच्या पुस्तकाबद्दल बोलून संपवली. जिना उतरताना काकू मला म्हणाल्या, दिवसपाळीवाला आणि रातपाळीवाला एकाच खोलीत आळीपाळीने झोपायचे आणि मला दोघांची ताटं वेगवेगळ्या वेळी गरम वाढावी लागायची, रॉकेलचा हिशोब कोणी विचारला नाही बघ. रॉकेलचा हिशोब! मला तर तोच ऐकायचा होता. जिन्यात उभं राहून ऐकला, जिन्यात लिहून घ्यायला माझ्याकडे बसचं तिकीट होतं, त्याच्या मागे लिहिला.

तसंच ते धान्य मोजायचं पितळी मापटं, ज्याला तुम्ही 'पितळी भांडे' म्हणताय. दोन चिपट्यांचं एक मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, हे माझ्या आजीला पाढ्यासारखं यायचं, आणि गावागावाचा शेर थोडा वेगळा म्हणून भांडणं व्हायची ते पण. १९५८ पासून किलोची वजनं यायला लागली आणि ही मापं हळूहळू माळ्यावर गेली. आता ते माप तुमच्या कपाटात आहे आणि त्याचं नाव बाहेर राहिलंय.

तर माझं म्हणणं एवढंच आहे. तुमच्या कार्यक्रमाला येणारा माणूस हा श्रोता आहे असं तुम्ही धरून चालता आणि तिथंच गोची होते. या भागात तरी उलटं आहे, जो खुर्चीत बसलाय त्याला माहीत आहे आणि जो माइकवर आहे त्याने वाचलंय. दोन्ही लागतं, मी वाचणाऱ्यांना नावं ठेवत नाही. पण माइक फिरला पाहिजे ना. आणि फिरला की कोपऱ्यात एक माणूस वही घेऊन बसलेला पाहिजे. दोनशे पानी वही, तारीख, कार्यक्रम, कोण बोललं, काय बोललं, परवानगी विचारून मोबाइलवर रेकॉर्डिंग, बस. महिन्यातून एकदा तुम्ही चार जणांनी ती वही उघडून बघायची आणि यातलं कुठल्या लेबलवर जायला हवं ते ठरवायचं. लेबल काही संगमरवरात कोरायचं नाहीये, नाक्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे जाड कागदावर प्रिंट काढून मिळतं.

कोणी म्हणेल म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी चुकतात. चुकतात की. बाबा संपाच्या वर्षातले महिने इकडचे तिकडे करतात. मग लेबलवर लिहा ना की असं एका विणकराने सांगितलं, दुसरा येऊन खोडून काढेल, त्याचंही लिहा. भांडण लागलं तर उत्तमच, तुमच्याकडे दोनदा लोक येतील.

१८ मे ला, जागतिक संग्रहालय दिनाला, तुमच्या भाषणात एक स्लाइड होती की आयकॉम या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२२ मध्ये प्रागला म्युझियमची नवी व्याख्या मंजूर केली आणि त्यात समाजाच्या सहभागाचा उल्लेख आला. फार छान. स्लाइड इंग्रजीत होती आणि हॉलमध्ये आम्ही अकरा जण होतो. का अकरा ते सांगू? मे महिन्यात अर्धं लालबाग-परळ गावाला असतं. कोकणात आंबे, घाटावर जत्रा, लग्नं. गिरणगावात १८ मे ला कार्यक्रम ठेवणं म्हणजे अनंत चतुर्दशीला चिंचपोकळीच्या पुलावर शांततेवर व्याख्यान ठेवणं. दिन जगाचा असेल पण माणसं इथली आहेत ना.

त्यापेक्षा १० जून धरा. पोरांच्या शाळांमुळे लोक परतायला लागलेले असतात, आणि त्या तारखेला इथे अर्थ आहे. १० जून १८९० ला गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली, कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे त्यासाठी कितीतरी वर्षं झगडत होते. आणि आता जरा मनावर दगड ठेवून वाचा, रविवारी तुमचं म्युझियम बंद असतं! ज्या भागाने देशाला रविवार दिला त्या भागातलं म्युझियम रविवारी कुलपात. राणीबाग बुधवारी बंद असते आणि तिथलं भाऊ दाजी लाड म्युझियम पण बुधवारी, तुम्हीही मधल्या वारी सुट्टी घ्या की. लहानपणी बाबा आम्हाला रविवारीच राणीबागेत न्यायचे, हत्ती बघून झाला की त्या म्युझियममध्ये, आत मातीची छोटी छोटी माणसं कपाटात उभी असायची, आम्ही प्रत्येकाच्या पगडीवर भांडायचो. आठवड्यात दुसऱ्या दिवशी नेलं असतं तर कोणी? शनिवारी सकाळी अकराला येऊ शकतो तो एकतर रिटायर असतो नाहीतर तुमच्यासारखा शनिवार सुट्टीवाला. आमच्या इमारतीत शनिवारी सुट्टी असलेली तीन घरं आहेत, मी मोजली.

आणि ते इंग्रजी गूगल फॉर्म. बाबांचा फोन बटणांचा आहे. काकूंना फॉर्म त्यांच्या नातीने भरून दिला, त्यात 'ऑर्गनायझेशन' मध्ये तिने 'घर' लिहिलं. नाक्यावर मंडळाचा फळा आहे, तिथला मुलगा इतकं सुंदर अक्षर काढतो की लोक सुविचार न वाचता अक्षर बघतात, त्याला सांगा, रविवारी संध्याकाळी पाच वाजता, खाली व्हरांड्यात, घरातली एक जुनी वस्तू आणा. एवढ्या दोन ओळी. खालीच ठेवा, वर नको, जिन्यानेच निम्मे म्हातारे गळतात. फोर्टातल्या मोठ्या म्युझियमने (छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने) २०१५ पासून बस काढलीय, वस्तू घेऊन शाळांत आणि गावांत जाते. तुमच्याकडे बस नाही पण तुमचा व्हरांडा फुटपाथला चिकटून आहे, भाजीवाली तिथेच बसते.

असं होऊ शकतं हे तुम्हीच एकदा दाखवलंय. दोन वर्षांपूर्वी दिवाळीत मागच्या अंगणात मुलांना किल्ला बांधायला लावला होता, आठवतंय? त्या दिवशी कोणी भाषण केलं नाही. मुलांना माती कमी पडली, ती चाळीत गेली, येताना आजोबांना घेऊन आली, आजोबा आल्यावर बुरुज चुकलाय म्हणून खाली बसले, त्यांच्या मागून आज्या हळिवाची पेरणी कशी करायची ते सांगायला आल्या. रात्री साडेआठला वॉचमनने दिवे घालवले तेव्हा लोक गेले. त्या दिवशीच्या कार्यक्रमाचा रिपोर्ट मी नंतर वाचला, 'मुलांनी उत्साहाने भाग घेतला', संपला रिपोर्ट.

घाई का करतेय ते पण सांगते. आमच्या आजूबाजूच्या चाळी एकेक करून रिकाम्या होतायत. लोक टॉवरमध्ये जातायत, जाऊ देत, कॉमन संडासाच्या लाइनीत आयुष्य काढलेल्या माणसाला घरात बाथरूम मिळतंय यात वाईट काय आहे, ज्यांना चाळीबद्दल गहिवर येतो त्यांनी आधी रात्री दोनला बादली घेऊन उभं राहून बघावं. पण जाताना माळे उपसले जातात. गेल्या महिन्यात भंगारवाल्याच्या हातगाडीवर मी तांब्याचा बंब, दोन पत्र्याच्या ट्रंका आणि एक धोटा बघितला. धोटा त्याला काय ते माहीत नव्हतं, पोरांना खेळायला देतो म्हणाला. मी पन्नास रुपयाला घेतला. आता घरात आहे, बाबा रोज संध्याकाळी त्याला खोबरेल लावतात, आई म्हणते माझ्या केसांना लावलं नाही कधी.

काळाचौकीला जुन्या इंडिया युनायटेड मिलच्या जागेवर पालिका मोठं टेक्स्टाइल म्युझियम करतेय, ते होईल तेव्हा तिथे यंत्रं असतील, लाइट असतील, आम्ही तिकीट काढून बघायला जाऊ. पण यंत्र थांबून राहतं, ते चालवणारा माणूस पंचाहत्तरीचा आहे आणि खोकतोय.

मला कमिटीवर यायचं नाही, तेवढं आधीच स्पष्ट करते, नाहीतर तुम्ही म्हणाल हिला पद हवंय. मला वही धरायचं काम द्या. रविवारी तर येईनच, आठवड्यातला कुठलाही दिवस ऑफिसमधून निघून संध्याकाळी सातनंतर येईन, अक्षर बरं आहे, बाबांची भाषा कळते. बसच्या तिकिटामागचा रॉकेलचा हिशोब पहिल्या पानावर चिकटवते.

आणि बाबांनी एक विचारायला सांगितलंय. त्यांच्याकडे गिरणीचं हजेरी कार्ड आहे, खातं साचे, त्यावर नंबर, पाळी, सगळं. ते म्युझियमला द्यायची त्यांची इच्छा आहे, धोट्याच्या बाजूला ठेवायला. पण मूळ कार्ड आत्ता देता येणार नाही, गिरणी कामगारांच्या घरांच्या लॉटरीत त्यांचा नंबर अजून लागायचाय आणि कधी कागद मागतील नेम नाही, म्हणून ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून उशाखाली ठेवलंय. तोपर्यंत झेरॉक्स चालेल का, तेवढं कळवा.

तुमची,
लालबागची एक वर्गणीदार